ही कसली मर्दुमकी?

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर अग्रलेख छापावा असे प्रसंग फार थोडे, अशी आमच्या व्यवसायातील जुनी समजूत आहे. मंत्रिमंडळ गडगडले, सीमेवर तोफा धडाडल्या किंवा एखादा लोकोत्तर पुरुष कालवश झाला, म्हणजे संपादक माजघरातून उठून ओसरीवर येतो. आज यांपैकी काहीही घडलेले नाही. आज आम्ही या जागेवर हातभर लांबीच्या एका लोखंडी नळीविषयी लिहिणार आहोत. हा विषय या जागेला शोभत नाही असे ज्या वाचकांना वाटेल, त्यांनी जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात हमरस्त्याला लागून असलेल्या एखाद्या घरात एक रात्र काढावी आणि मग आम्हांस दोष द्यावा.

ही नळी म्हणजे गाडीची पुंगळी. कारखान्याने बसवून दिलेला सायलेन्सर काढून टाकायचा, किंवा त्याच्या पोटातील जाळ्या नि पडदे कापून तो पोकळ करायचा, आणि मोकळी नळी जोडून द्यायची. की काल शांतपणे चालणारी गाडी आज डरकाळ्या फोडू लागते. बाजारात या नळ्यांना ‘इंदोरी’, ‘फटाका’ अशी नावे आहेत. बुलेट मोटारसायकलीवर हा प्रयोग अधिक होत असला, तरी आता चारचाकी मोटारीही मागे राहिलेल्या नाहीत. गाडीला ‘शर्यतीचा आवाज’ यावा म्हणून हजारो रुपये मोजणारी माणसे आमच्या शहरात आहेत, आणि तो आवाज घेऊन ती जिल्हाभर हिंडत असतात.

गेल्या महिन्यात आमचे मंचर आणि नारायणगाव या बाजूस दोन रात्री राहणे झाले. आम्ही शाळेत शिकवीत होतो त्या काळचे एक सहकारी निवृत्तीनंतर मंचरला राहतात. घर जुन्या पुणे-नाशिक रस्त्यावर. महामार्गाला गावाबाहेरून वळण मिळाले, अवजड मालमोटारी गावातून जाईनाशा झाल्या, तेव्हा या घराला अनेक वर्षांनी झोप मिळाली होती, असे ते सांगत होते. ती फार दिवस टिकली नाही. मोकळा झालेला, सरळ, दिव्यांनी उजळलेला रस्ता पुंगळीवाल्यांना फावला. रात्री साडेदहाच्या सुमारास पहिली गाडी गेली. खिडकीची तावदाने थरथरली, पाळण्यातले मूल दचकून रडू लागले, आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या आजींनी “गेला का गं तो?” असे विचारले. तो गेलेला नव्हता. तो चौकापर्यंत जाऊन परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. घरातली दहावीची मुलगी वही मिटून कानांवर हात ठेवून बसली होती. आमच्या मित्राच्या चेहऱ्यावर संताप नव्हता. तो असता तर आम्हांस बरे वाटले असते. तेथे होती ती केवळ सवय.

परंतु ज्या प्रसंगाने हा अग्रलेख आमच्याकडून लिहविला, तो दुसऱ्या रात्रीचा. नारायणगावच्या पूर्वेला, उसाच्या फडालगतच्या एका वस्तीवर, आमचा एक जुना विद्यार्थी शेती करतो. त्या आठवड्यात पंपाला वीज रात्रीची होती. मध्यरात्रीनंतर तो दारे धरायला निघाला. हातात विजेरी आणि काठी. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून तो दोन-तीन मिनिटे नुसता उभा राहिला. आम्ही कारण विचारले. “सर, अंधारात डोळ्यांचा काय उपयोग? आमचं सगळं कानावर चालतं,” तो म्हणाला. कुत्रे कोणत्या बाजूला तोंड करून भुंकते, गोठ्यातली शेरडे अंग चोरतात की फुरफुरतात, उसाचे पाचट वाऱ्याने वाजते की पायाने वाजते, हे तो ऐकत होता. तेवढ्यात अर्ध्या कोसावरच्या रस्त्याने एक पुंगळी फडफडत गेली. कुत्रे भुंकत असलेले दिसत होते, ऐकू येत नव्हते. आवाज विरेपर्यंत तो तसाच थांबला. मग म्हणाला, “आता पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं.”

शहरात गाडीचा आवाज हा उपद्रव असतो. या मुलखात तो एका माणसाचे संरक्षण काढून घेतो. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात, आणि बिबट्या हा येथे आता पाहुणा राहिलेला नाही. धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला. त्या दाट फडांत बिबट्यांच्या पिढ्या जन्मल्या आणि वाढल्या. २००१ ते २००३ या काळात जुन्नरमध्ये माणसांवरील हल्ल्यांचा कहर झाला होता. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात माणसे मारली गेली, त्यांत लहान मुले होती, आणि लोक संतापून महामार्गावर उतरले. तेव्हापासून पिंजरे किती, परवाने किती, नसबंदी करावी की न करावी, यांवर पुष्कळ चर्चा झाली. रात्री दारे धरणाऱ्या माणसाच्या कानांविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

यावर एक प्रतिवाद आम्ही तिकडेच ऐकला, आणि तो अगदीच पोकळ नाही. रात्री घराबाहेर पडताना मोठ्याने बोलावे, मोबाईलवर गाणी लावावीत, म्हणजे बिबट्या बाजूला होतो, असे वनखात्याची माणसेच सांगतात. मग आवाज वाईट कसा? उत्तर सोपे आहे. चालणाऱ्या माणसाने स्वतःची चाहूल द्यावी, एवढाच त्या सल्ल्याचा अर्थ. तो आवाज त्याच्या बरोबर असतो, त्याच्या ताब्यात असतो आणि त्याला स्वतःला बहिरे करीत नाही. पुंगळीवाला काही मिनिटांत कोसभर निघून जातो. त्याच्या आवाजाने ज्याचे कान बधिर झाले तो मात्र फडाच्या कडेला एकटा उरतो.

या भूमीला आवाजाचे वावडे आहे, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव. पाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या येथे पडतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी देण्यास येतात. ढोलकी कडाडते, हलगी घुमते, बैलगाड्यांच्या घाटात आरोळ्यांनी आभाळ फाटते. पण त्या आवाजाला दिवस ठरलेला असतो, जागा ठरलेली असते, आणि तो ऐकण्यासाठी लोक आपण होऊन दहा कोस चालत येतात. ढोलकीवाल्याने रात्री एक वाजता आजारी माणसाच्या खिडकीखाली येऊन थाप मारली, असे कोणी कधी ऐकले आहे काय?

आता त्या नळीकडे वळू. कारण तिच्याविषयी जे अज्ञान पसरले आहे ते आमच्या सुशिक्षित वाचकांतही आहे. इंजिनाच्या नळकांड्यात इंधनाचा स्फोट होतो, आणि बाहेर सोडणारी झडप उघडते त्या क्षणी आतला वायू बाहेरच्या हवेच्या कित्येक पट दाबाने निसटतो. एका नळकांड्याची मोटारसायकल नुसती उभ्याने मिनिटाला हजार फेऱ्या घेत असली, तरी तेवढ्यात पाचशे स्फोट होतात. सायलेन्सरच्या पोटातील दालने, छिद्रांच्या नळ्या आणि पडदे या लाटांना पसरू देतात, मागे परतवतात, एकीवर दुसरी आदळून दोघींना शांत करतात. अमेरिकेत मिल्टन आणि मार्शल रीव्ज या बंधूंनी १८९७ साली अशा उपकरणाचे एकस्व घेतले. मोटार पुरती रांगायलाही लागली नव्हती, तेव्हाच तिच्या तोंडाला आवर घातला पाहिजे हे माणसाला कळले होते, असाच याचा अर्थ. सव्वाशे वर्षांनंतर आमचा तरुण ते आवरण करवतीने कापतो आणि त्याला ‘सुधारणा’ म्हणतो!

पुंगळी बसविल्याने गाडीची ताकद वाढते, ही दुसरी भाबडी समजूत. शर्यतीच्या गाडीत झडपा, इंधन आणि नळी यांचा मेळ एकत्र बसविलेला असतो. नुसती नळी मोकळी केल्याने वाढतो तो आवाज. उलट एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या सहाव्या भारत मानकाच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारी उत्प्रेरक पेटी आणि प्राणवायू मोजणारा संवेदक याच मार्गात बसविलेले असतात. नळी बदलताना ही पेटीही पुष्कळदा फेकली जाते, आणि कानांबरोबर फुप्फुसांचाही बंदोबस्त होतो. फटाक्याचा आवाज तर शुद्ध उधळपट्टीचा. जुन्या गाडीत चालता चालता ठिणगी बंद करायची, न जळलेले इंधन तापलेल्या नळीत जाऊ द्यायचे आणि ठिणगी पुन्हा चालू करून ते तेथे पेटवायचे. नव्या मोटारींत हेच काम संगणकाची आज्ञावली बदलून करतात. पेट्रोलच्या दराने घायाळ झालेल्या देशात पेट्रोलचे आपटबार उडविण्याची ही हौस!

मग हे तरुण असे का करतात? ‘पिढी बिघडली’ असे म्हणून मोकळे होणे आम्हांस सोपे आहे. आमचे वयही त्याला अनुकूल आहे. पण वीस वर्षे मुलांसमोर उभे राहिल्यामुळे एक गोष्ट आम्ही शिकलो. मागच्या बाकावर बसून जो मुलगा उगाच पट्टी वाजवतो, त्याला पट्टीत रस नसतो. गुरुजींनी एकदा आपल्याकडे पाहावे, एवढीच त्याची इच्छा असते. मंचरच्या एका चहाच्या टपरीवर आम्ही एका पुंगळीवाल्याशी बोललो. मुलगा विनयशील होता. “काका, बिनआवाजाची बुलेट म्हंजे बिनढोलाचं लगीन. कोण मान वळवून बघणार?” असे तो म्हणाला. शिक्षण पदवीपर्यंत, नोकरी नाही, शेती वडिलांच्या हातात, लग्न ठरत नाही. टोमॅटोला २०२३ च्या जुलैसारखा भाव आला की गाडी येते आणि भाव पडला की गाडीचे हप्ते राहतात. या मुलाकडे कोणी मान वळवून पाहत नाही हे खरे आहे. त्याचे दुःख आम्हांस कळते. पण त्या दुःखाचा दंड अंथरुणातल्या आजींनी का भरावा, हे मात्र आम्हांस कळत नाही, आणि तसे आम्ही त्याला सांगितलेही. तो हसला. “तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण आमदार-खासदारांच्या रॅलीत आम्हांलाच पुढं घालतात की!” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. निवडणुकीच्या दिवसांत शे-दोनशे पुंगळ्या एका रांगेत फडफडवीत नेणारे सर्व रंगांचे पुढारी ते देऊ शकतील.

येथवर वाचून आमच्या शहरी वाचकाने ‘खेड्यातली पोरे, दुसरे काय!’ असा निःश्वास टाकला असेल, तर त्याला आम्ही क्षणभर थांबविणार आहोत. पावसाळ्यातल्या शनिवारी पहाटे पुणे-नाशिक रस्त्यावर उभे राहून पाहावे. माळशेज घाटाचे धबधबे, नाणेघाट, भीमाशंकरचे धुके यांच्या ओढीने ज्या टोळ्या निघतात, त्यांच्या गाड्यांची किंमत जुन्नरच्या पोराच्या बुलेटच्या दहापट असते आणि आवाजही त्याच मानाने थोर असतो. त्या गाड्या आमच्याच सोसायट्यांच्या तळघरांतून निघतात. तेथे मात्र त्या पायरवही न करता बाहेर पडतात, कारण सोसायटीचा सचिव तक्रार करतो! चाकणच्या पुढे गेले की यांचा कंठ फुटतो. जणू तेथून पुढे माणसे राहतच नाहीत! भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले ते शेकरूसारख्या लाजऱ्या प्राण्याला निवांतपणा मिळावा म्हणून. त्या रानाच्या वाटेवर आमचे सुविद्य नागरिक शर्यतीच्या मोटारीचा आवाज काढीत जातात आणि परत येऊन ‘निसर्गाच्या शांत सान्निध्यात’ अशा मथळ्याखाली छायाचित्रे दाखवितात. शिवाय, जुन्नर-आंबेगावातल्या पुंगळ्या काही तेथल्या लोहाराने घडविलेल्या नसतात. त्या शहरांच्या बाजारातून जातात, येथल्याच दुकानांतून, उघडपणे.

कायदा नाही, अशी सबब कोणालाही सांगता येणार नाही. कायद्याचा तर पूर आलेला आहे. प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम सांगतो. नव्या मोटारसायकलीचा आवाज तिच्या आकारमानाप्रमाणे ७५, ७७ किंवा ८० डेसिबलच्या आत हवा आणि प्रवासी मोटारीचा ७४ च्या आत, अशा मर्यादा कारखानदारांवर आहेत. वस्तीच्या भागात रात्री ४५ डेसिबलपलीकडे आवाज जाऊ नये, रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता राखावी, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. डेसिबलचे गणित साधे बेरजेचे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. दहाने आकडा चढला की ध्वनीची शक्ती दहापट होते. शांततेने जगण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात स्पष्ट केले. कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत फेरफार करता येणार नाही, हे त्याच न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावले. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

या तरतुदींत एक शब्दयोजना आम्हांस फार महत्त्वाची वाटते. आवाजाची मर्यादा मोडणारी गाडी जो चालवील, एवढेच कलम १९० म्हणत नाही. जो ती चालवू देईल, तोही अपराधी, असे ते म्हणते. पहिल्याच अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवाना रद्द. चालवू देणारा कोण? गाडी ज्यांच्या नावावर आहे ते वडील, चुलते, आणि आमच्या शहरात कंपनीच्या नावावर गाडी घेणारे तीर्थरूप! मुलाच्या हातात वाहन देऊन डोळे मिटून घेण्याची किंमत काय असते, हे कल्याणीनगरने १९ मे २०२४ च्या पहाटे पाहिले आहे. तरीही चालवू देणाऱ्यावर खटला झाल्याचे आमच्या वाचकांपैकी कितीजणांनी ऐकले आहे?

होते काय, ते सर्वांस ठाऊक आहे. वर्षातून एक-दोनदा मोहीम निघते. जप्त केलेल्या पुंगळ्या रस्त्यावर ओळीने मांडतात, त्यांवरून रोडरोलर फिरतो, छायाचित्रे निघतात आणि आम्हीही ती छापतो. तो आठवडा सरला की दुकानात नवी पुंगळी तयारच असते. बहुतेक प्रकरणे जागच्या जागी तडजोडीचा दंड भरून मिटतात, आणि पुंगळी बसवून देणारा व विकणारा यांच्याकडे तर कोणी फिरकत नाही. ‘केवळ शर्यतीच्या मैदानासाठी’ अशी एक ओळ खोक्यावर छापली की विक्रेता मोकळा. सबंध जिल्ह्यात शर्यतीची मैदाने किती आणि खपणाऱ्या पुंगळ्या किती, हा हिशेब परिवहन खात्याने एकदा मांडून पाहावा.

ग्रामीण भागाची अडचण आणखी वेगळी. जुन्नर-आंबेगावच्या गाड्यांचा क्रमांक ‘एमएच १४’, म्हणजे परिवहन कार्यालय पिंपरी-चिंचवडला. जुन्नरच्या माणसाने तक्रार घेऊन तेथवर जायचे म्हणजे दिवस मोडायचा. पोलिसांत गेले तर ध्वनिमापक यंत्र नाही, असे उत्तर मिळते. आमचे म्हणणे असे की, या कामाला यंत्र लागतच नाही. डेसिबल सिद्ध करायचे असतील तर यंत्र हवे. सायलेन्सर कापला आहे की नाही हे पाहण्यास दोन डोळे पुरतात, आणि फेरफाराचे कलम तेवढ्यावर लागू होते. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, जुन्नर या प्रत्येक ठाण्यातील हवालदारास आपल्या हद्दीतल्या पुंगळ्या कोणाकोणाच्या आहेत हे तोंडपाठ असते. प्रश्न त्या कोणाच्या आहेत हाच आहे.

शांतता राखणे सरकारला जमतच नाही, असेही म्हणता येत नाही. याच जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीतून ती उभी राहिली. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या क्षीण रेडिओ लहरी तिला टिपायच्या असतात, म्हणून भोवतालच्या विद्युत गोंगाटावर बंधने आहेत. ही शांतता कानाची नव्हे, रेडिओची, हे आम्ही जाणतो; पुंगळीचा आवाज त्या तबकड्यांना ऐकू येत नाही. पण मुद्दा निराळाच आहे. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा आखलेला मार्ग या दुर्बिणीच्या परिसरातून जातो म्हणून तो घेता येणार नाही, असे केंद्रीय रेल्वेमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत सांगितले आणि शिर्डीकडून वळसा घालणारा मार्ग पुढे आला. तो निर्णय योग्य की अयोग्य, यावर या तालुक्यांत तीव्र मतभेद आहेत आणि त्यांत आम्ही आज शिरत नाही. आम्हांस एवढेच दिसते की, दूरच्या आकाशगंगांची कुजबुज बुडू नये म्हणून ज्या राज्ययंत्रणेला सबंध लोहमार्ग वळविण्याचे सुचते, तिला त्याच खोडदच्या रस्त्यावर एका कुत्र्याचे भुंकणे बुडू नये म्हणून एक नळी उतरविणे जमत नाही.

पुंगळीचा संबंध काहीजण मर्दुमकीशी जोडतात आणि गाडीवर भगवा लावून शिवनेरीच्या वाटेने तो आवाज काढीत जातात. त्यांना इतिहासातील एक पान दाखवावेसे वाटते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी मोगलांचे जुन्नर शहर मारले ते रात्री, दोराच्या शिड्यांनी तट चढून, पहारेकऱ्यांना चाहूल लागू न देता. तीन लाख होन आणि दोनशे घोडे घेऊन ते निघून गेले. ज्या शहराच्या तटाखालून मावळे श्वास रोखून गेले, त्या शहराच्या पेठेतून हे वीर फटाके फोडीत जातात!

परदेशांत हा रोग नाही असे नाही. पण तेथे त्याला औषध शोधण्याची बुद्धी झाली आहे. पॅरिसजवळ शव्हर्झ नावाचे एक रमणीय खोरे आहे. शहरातील मोटारसायकलवाल्यांचे जथे सुट्टीच्या दिवशी तेथे धडकत आणि खेडुतांचे जिणे नकोसे करीत. माळशेजच्या वाटेचेच हे वर्णन नव्हे काय? त्या खोऱ्यातल्या सँ-लांबेर-दे-ब्वा या लहानशा गावात जानेवारी २०२२ मध्ये आवाज ओळखून गाडीचा क्रमांक टिपणारे यंत्र खांबावर बसविण्यात आले. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात २०२० पासून काही घाटरस्त्यांवर उभ्या स्थितीत ९५ डेसिबलहून मोठा आवाज करणाऱ्या मोटारसायकलींना उन्हाळ्याच्या मोसमात प्रवेशच बंद झाला. दोन्हीकडे ओरड खेड्यांनी केली आणि बंधन शहरवाल्यांवर आले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आमच्याकडे यंत्रे येतील तेव्हा येवोत. तोवर करण्यासारखे काम थोडे आणि सोपे आहे. पुणे ग्रामीण पोलीस आणि परिवहन कार्यालय यांनी पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आळेफाटा, ओतूर आणि घोडेगाव येथे संयुक्त नाकी लावावीत. पुंगळीची गाडी तेथेच अडवून ठेवावी आणि मूळ सायलेन्सर बसविल्याखेरीज सोडू नये. दंड भरून पुंगळीसह पुढे जाण्याची सोय राहता कामा नये. पकडलेल्या प्रत्येक चालकास नळी कोठे घेतली आणि कोणी बसविली हे विचारून ते दुकान, ते गॅरेज जबाबात नोंदवावे. विक्रेत्याला खोक्यावरच्या त्या एका ओळीआड लपू न देणारा नियम राज्य सरकारने करावा. कलम १९० मधील ‘चालवू देणारा’ हा शब्द एकदा तरी आरोपपत्रात लिहून पाहावा. ग्रामसभांनी पुंगळीविरुद्ध ठराव केल्यास त्याची प्रत ठाण्यात पोचते आणि हवालदाराच्या हातालाही बळ येते, कारण त्याला त्याच गावात नोकरी करायची असते. आणि पुढाऱ्यांनी येत्या निवडणुकीत फेरी काढण्यापूर्वी आपल्याच रांगेतील गाड्यांच्या नळ्या पाहून घ्याव्यात. त्या मंचरच्या मुलाला आम्ही हे लिहिण्याचे वचन दिले आहे.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांना मोहिमेची वाट पाहण्याचे कारण नाही. काढून ठेवलेला मूळ सायलेन्सर बहुधा गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा माळ्यावर पडलेला असतो. तो पुन्हा बसविण्यास तासाभराचे काम आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या वस्तीवर या आठवड्यातही वीज रात्रीचीच आहे.